पाऊस पडेपर्यंतची बंडी

मुरलीपुऱ्यात सीकर रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीच्या टोकाला एक कडुलिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत पत्र्याची शेड दिसायची. पाटी नव्हती. तरी अर्ध्या जयपुरातले ड्रायव्हर डोळे मिटून तिथं पोचत. 'फौजी उस्ताद' म्हटलं की पानवालासुद्धा हात करून वाट दाखवायचा.

फौजी उस्ताद म्हणजे सर्जेराव निकम. साताऱ्याच्या कोरेगावाकडचा माणूस. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली आणि शेवटची बदली जयपूरला झाली. पेन्शन बसली तेव्हा बायको, शालन, म्हणाली, "हितली हवा कोरडी हाय. माझी धाप कमी झालीया. ऱ्हाऊ या की हितंच." राहिले. गावाकडून पत्रं येत होती, ती हळूहळू लग्नपत्रिकांपुरती उरली.

सर्जेराव बोलायचे कमी. गाडी आली की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, मग लांब पेचकसाची मूठ कानाशी धरून त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. मग दोष सांगायचा. एकदाच सांगायचा. त्यांनी गाडीत खोट आहे म्हटलं की मालक मुकाट्यानं गाडी ठेवून जात. आणि खोट नाही म्हटलं, तर कुणी दुसऱ्या मिस्त्रीकडे जात नसे. मग सगळे संशयानं ड्रायव्हरकडे बघत.

त्यांची एक पद्धत होती, ती जयपुरात दुसऱ्या कुणाची नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत ते बाडमेरच्या पुढच्या वाळूत होते. तिथं शत्रूपेक्षा वाळूनं जास्त इंजिनं मारली. हवेच्या फिल्टरमधून बारीक वाळू आत शिरायची आणि इंजिन आतून खरवडून काढायची. तेव्हा सगळे फिल्टरवर तेलात बुडवलेलं पातळ कापड गुंडाळत. वाळू कापडाला चिकटे, हवा तेवढी आत जाई. सर्जेराव त्याला बंडी म्हणायचे. रोज संध्याकाळी बंडी काढायची, पेट्रोलात धुवायची, पुन्हा घालायची. तसा हुकूमच होता.

वैशाखात जयपुरात आंधी सुटते. आभाळ पिवळं होतं आणि घराघरांत ताटावर धुळीची साय धरते. त्या दिवसांत सर्जेराव आपल्याकडच्या गाड्यांना बंडी घालून द्यायचे. वर एक सक्त ताकीद असायची, की बंडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शहरात रोज संध्याकाळी कोण धुणार? म्हणून त्यांनी आपला एक नियम केला होता. आषाढात पहिला पाऊस पडला, धूळ बसली, की गाडी आणायची. बंडी ते स्वतः काढत. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आठही वर्षं पहिली सर तरी वेळेवर आली होती.

सत्त्याऐंशी साली वैशाखात उकिडवे साहेबांची फियाट बंडीसाठी आली. वसंतराव उकिडवे विमा कंपनीत अधिकारी होते, राहायला मानसरोवरात. तिकडे अजून निम्मे प्लॉट रिकामे होते आणि मोकळ्या जागेतली रेती वाऱ्याबरोबर थेट गाड्यांवर यायची. साहेबांना दौसा, टोंक, निवाई असा दौरा असायचा. गाडी सुखदेव चालवायचा. सव्वीस-सत्तावीसचा, बगरूच्या छपाईवाल्यांच्या घरातला. बाप अजून लाकडी ठसे घेऊन कापड छापायचा. याला मात्र स्टिअरिंगचं वेड. सर्जेरावांना तो आवडायचा. गाडी उभी करताना हँडब्रेक कचकन ओढत नसे. तेवढ्यावरून ते माणूस ओळखत.

"उस्ताद, आपके लिए," म्हणत त्यानं त्या दिवशी एक गाठोडं ठेवलं होतं. बापानं छापलेल्या कापडातले डाग पडलेले, विकता न येणारे तुकडे. धुऊन धुऊन मलमलीसारखे मऊ झालेले. निळ्यावर पांढरी बुट्टी.

"बाप को बोलना, ऐसा कपडा आंग पे पहनने का, इंजन को नहीं," सर्जेराव म्हणाले. त्यांची हिंदी कधी सातारा सोडून गेलीच नव्हती.

"बापू बोलते हैं, जिसपे दाग लग गया वो किसी के आंग पे नहीं चढता."

त्यातलाच एक तुकडा दुहेरी करून सर्जेरावांनी फियाटच्या फिल्टरला गुंडाळला, डबा बंद केला, वरचा नट घट्ट आवळला. "बारिश में आ," म्हणाले.

त्या साली पाऊस आला नाही.

आषाढ कोरडा गेला. रामगढचं तळं चिरफाळलं. सुखदेव एकदा कामानं मुरलीपुऱ्यात आला होता, तेव्हा त्यानं विचारलं, "उस्ताद, बंडी निकाल दें? गाडी थोडी भारी चल रही है."

सर्जेरावांनी पिवळ्या आभाळाकडे बोट दाखवलं. "धूल बैठा क्या?"

"नहीं."

"फिर?"

श्रावणात त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा शालन लष्करी इस्पितळात होती, धाप परत उसळली होती, आणि सर्जेराव तिच्या जेवणाचा डबा घेऊन निघाले होते. "मेरा हाथ का काम है. कोई खोलेगा नहीं," ते चालता चालताच म्हणाले. सुखदेवनं मान डोलावली. उस्तादांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

गणपती होऊन गेले, त्यानंतरच्या रविवारी उकिडवे साहेब स्वतः गाडीबरोबर आले. गणपतीत त्यांच्या घरी निकम नवरा-बायको जेवून आले होते. साहेबांच्या पत्नी रत्नप्रभावहिनींनी शालनला शेजारी बसवून मोदक वाढले होते, कितीतरी दिवसांनी कुणी "अजून एक घ्याच" असं मराठीतून आग्रहानं म्हटलं होतं. सर्जेरावांनी खुर्ची पुसून दिली.

साहेब बसले नाहीत. सुखदेव दोन हात अंतरावर उभा होता. साहेब मराठीतच बोलले, म्हणजे बोलणं तिथंच राहावं.

"निकम, लिटरला बारा देणारी गाडी. गेल्या दोन महिन्यांत आठवर आली. परवा सातच्या जवळ. मी डायरीत मांडून बघितलंय. आणि ओढही नाही. आमेरच्या चढाला दुसऱ्या गिअरात टाकावी लागते."

"बघतो की."

"बघाच. पण मला एवढंच सांगा, दोष गाडीचा की माणसाचा. पेट्रोल हाच भरून आणतो. ऑफिसातले म्हणतात, नळी घालून काढून विकतात ही माणसं. मी म्हटलं, निकम सांगतील ते खरं."

निकम सांगतील ते खरं. सर्जेरावांनी बाह्या सरसावल्या. पुढचे तीन तास त्यांनी जेवणाकडेही पाहिलं नाही.

आधी टाकी, नळ्या, पंप. कुठं थेंब गळत नव्हता. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली. ब्रेक कुठं धरत नव्हता. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन लगेच बंद पडलं, म्हणजे क्लच घसरत नव्हता. प्लग काढले. चारही काजळासारखे काळे.

त्यांनी सुखदेवकडे पाहिलं. "चोक खींच के चलाता है?"

"नहीं उस्ताद. चोक को हाथ भी नहीं लगाता."

काळे प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पोरगं सकाळी गाडी सुरू करताना हवा अडवणारा चोक ओढत असणार आणि परत आत ढकलायला विसरत असणार, आता कबूल करत नाही, असं त्यांच्या मनात आलं. एक खोटं बोलला की माणूस दुसरंही बोलतो. प्लग साफ करताना हे मनात बसलं ते बसलं. प्लगच्या भोकावर अंगठा धरून एकेक सिलिंडरचा दाब पाहिला. अंगठा उडत होता. पॉइंट पाहिले, टायमिंग जुळवलं. कार्बोरेटरकडे वळले. तो खोलायचा तर वरचा फिल्टरचा डबा आधी काढावा लागतो. काढला. बाहेरून फडक्यानं पुसला आणि लिंबाच्या पाराखाली ठेवला. आत बघितलं नाही. आत त्यांचं स्वतःचं काम होतं.

कार्बोरेटर धुतला, बसवला. डबा पाराखालीच राहिला. चाचणीपुरता तो कशाला बसवायचा, म्हणून ते नेहमी तसंच करत. साहेबांना मागे बसवून स्वतः चाक धरलं आणि चौमूं पुलियापर्यंत गाडी नेली. गाडी हरणासारखी पळाली. पुलाच्या चढावर तिसऱ्यात, चौथ्यात, जराही अडखळली नाही. मागे साहेबांनी सुस्कारा सोडला.

परत आल्यावर त्यांनी डबा जागेवर ठेवला, नट आवळला, हात पुसले.

"गाडीत काय न्हाई, साहेब."

साहेबांनी मान हलवली. सुखदेव बोनेटजवळ उभा होता. मराठी त्याला येत नव्हती, पण तेवढ्या शब्दांसाठी मराठी यावी लागत नाही. त्यानं बोनेट हळूच मिटलं, आवाज न करता, नेहमीसारखं.

दुसऱ्या दिवशी तो पायी आला. साहेबांनी चावी काढून घेतली होती. पोलिसात दिलं नाही, हे उपकार असंही ऐकवलं होतं.

"उस्ताद, एक बार और देख लो. बस एक बार."

"तीन घंटा देखा मैं. तेरे सामने."

"मैंने एक बूँद नहीं बेची."

"मैं बोला क्या, बेचा? मैं बोला गाडी में कुछ नहीं. वो झूठ है?"

सुखदेवनं लिंबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपने बोला तो झूठ कैसे होगा," आणि गेला. त्यात टोमणा होता की खरोखरीचा विश्वास, हे सर्जेरावांना त्या वेळी कळलं नाही. पुढं कळलं तेव्हा त्यांना टोमणा असता तर बरं, असं वाटलं.

शालन शेडमागच्या घराच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "चोर असतं तर परत आलं असतं का वो?"

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाई कळत," ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

मानसरोवरच्या तोंडाशी पेट्रोल पंप होता. तिथं दुपारी ड्रायव्हर जमत, बिड्या ओढत, कुठल्या साहेबाकडे जागा आहे हे तिथं कळे. दोन दिवसांत तिथंही पोचलं, की फौजी उस्तादनं सुखदेवची गाडी तपासली आणि गाडीत काही निघालं नाही. त्यापुढं कुणाला काही बोलावं लागलं नाही. दिवाळीपर्यंत सुखदेव तिथं येऊन बसत असे. नंतर दिसेनासा झाला.

साहेब गाडी स्वतः चालवू लागले. डायरी मात्र त्यांनी बंद केली. चोर पकडला म्हटल्यावर पेट्रोल कोण मोजतं? गाडी जड चालते ती आपल्याला सवय नाही म्हणून, असं ते धरून चालले.

मार्गशीर्षात, थंडी चांगली पडलेली असताना, सकाळी साहेबांचा निरोप आला. गाडी झोटवाड्याच्या रस्त्यावर बंद पडली होती. सर्जेराव दोरी बांधून ती ओढून घेऊन आले. साहेब रिक्षानं ऑफिसला गेले. शेडमध्ये सर्जेराव एकटेच होते.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मागून काळा धूर आला, थांबलं. पुन्हा तेच. नेहमीसारखा कार्बोरेटरकडे हात गेला. फिल्टरचा डबा काढला, पाराखाली ठेवला आणि बाकी काही करायच्या आधी सहज पुन्हा किल्ली फिरवली.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. घड्याळासारखं चालू लागलं.

सर्जेराव बसल्या जागी बसून राहिले. मग उठले, इंजिन चालूच ठेवून डबा कार्बोरेटरवर ठेवला. इंजिन गुदमरलं. डबा उचलला. इंजिनानं श्वास घेतला. चार वेळा त्यांनी तेच केलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती.

डबा उघडला. आत बंडी होती. बंडी कसली, तेल आणि धूळ बसून पापडासारखं कडक झालेलं काळं कातडं. बोटानं टिचकी मारली तर टकटक वाजत होतं. एका कोपऱ्यात, दुमडीच्या आत, निळ्यावर एक पांढरी बुट्टी तेवढी उरली होती.

लढाईतल्या नियमाचा अर्धा भाग ते शहरात घेऊन आले होते. रोज धुवायचा अर्धा भाग वाळूतच राहिला होता. बाकी सगळं पावसावर सोडलेलं. आणि त्या रविवारी ज्या डब्यात खोट होती, तो बाजूला ठेवून त्यांनी गाडी पळवून दाखवली होती. चोक ओढलेला नव्हता. पोरगं खोटं बोललं नव्हतं, एकदाही नाही.

शालन चहा घेऊन आली. त्यांनी ते कापड तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

"त्येच्या बापाचं न्हवं ह्ये?"

"व्हय."

चहा थंड झाला. त्यांनी गाडीला नवा फिल्टर घातला, बंडीशिवाय, आणि संध्याकाळी गाडी घेऊन मानसरोवरला गेले.

उकिडव्यांच्या दिवाणखान्यात खोकी भरलेली होती. साहेबांना बढती मिळून नागपूरची बदली झाली होती. रत्नप्रभावहिनी वर्तमानपत्रात बश्या गुंडाळत होत्या. सर्जेरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बंडी टीपॉयवर ठेवावी की नाही कळेना, म्हणून हातातच धरली.

साहेबांनी बंडीकडे पाहिलं. "बरं, मग आता काय करायचं म्हणता?"

"त्याला परत घ्या, असं न्हाई म्हणत. तुमी निघालाच. पण चार ओळी लिहून द्या. माणूस इमानदार हाय, एवढं."

"निकम, मी कुठं लिहिलं होतं तो चोर आहे म्हणून? मी काहीच लिहिलं नाही. शब्द तुमचा होता."

"व्हय. माझाच."

"मग पत्रही तुम्हीच द्या." साहेब हे रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत असावं. "आणि हे पाहा, त्याला एव्हाना कुठं तरी लागली असेल नोकरी. तरुण आहे. आता उकरून काढलं तर त्यालाच त्रास."

वहिनींच्या हातातली बशी अर्धी गुंडाळलेली राहिली होती. "अहो, दोन ओळी तर लिहायच्या," त्या हळूच म्हणाल्या.

"तू खोक्यांचं बघ."

त्यांनी बशी गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जेराव पंपावर गेले. पाच-सहा ड्रायव्हर उन्हात बसले होते. उस्ताद आपणहून आले म्हणून त्यांनी जागा केली. सर्जेरावांनी बंडी मधे ठेवली आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, गलती मेरा था. सुखदेव ने तेल नहीं बेचा.

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं कापड काडीनं उलटून पाहिलं. "उस्ताद, उसका बाप आया था क्या आपके पास? पाँव-वाँव पकडा होगा."

"कोई नहीं आया."

"आप दिल के अच्छे हो," म्हातारा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकानं बिडी पुढं केली.

तीन महिन्यांपूर्वी त्यांचे तीन-चार शब्द या लोकांनी ऐकले नव्हते, तरी खरे धरले होते. आज ते समोर बसून सांगत होते, आणि त्यांच्याकडे चांगल्या मनाच्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं सगळे बघत होते.

रविवारी ते बगरूच्या बसमध्ये बसले. छपाईवाल्यांची गल्ली शांत होती. एरवी जिथं ठशांची ठकठक चालायची तिथं लांब टेबलं मोकळी पडली होती. कापड धुवायला पाणीच नव्हतं. सुखदेवचा बाप दारात बसला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. काम बंद होऊन महिने झाले तरी ती निळाई गेली नव्हती. मुलगा अकाल राहतच्या कामावर गेलाय म्हणाला. सरकार दुष्काळात कोरडं तळं खणून घेत होतं, तिथं.

तळ्यात दीड-दोनशे माणसं होती. बायका घमेली वाहत होत्या. सुखदेव सर्जेरावांना आधी ओळखू आला नाही; डोक्याला फेटा, अंगभर पांढरी धूळ. त्यानं फावडं उभं केलं आणि त्यावर हात ठेवून ऐकून घेतलं. बंडी हातात घेतली, कोपऱ्यातली बुट्टी अंगठ्यानं पुसली.

"आषाढ में पूछा था मैंने."

"हाँ."

"सावन में भी."

"हाँ."

"खोल के धो देता. दस मिनट का काम था." त्यानं कापड परत दिलं. "आपने मना किया था, तो नहीं खोला."

सर्जेरावांनी साहेबांचं सांगितलं, पंपाचंही सांगितलं, काही न लपवता. सुखदेवला नवल वाटलं नाही. या पोराचं नाव कुठं तरी, कुणापुढं तरी साफ झालंच पाहिजे, असं वाटून सर्जेराव वळले. आजूबाजूच्या माणसांना हाक मारावी म्हणून त्यांनी हात वर केला. लढाईतला दणदणीत आवाज अजून होता त्यांच्यापाशी. चार-सहा जण थांबून बघू लागले.

सुखदेवनं त्यांचं मनगट धरलं.

"नहीं उस्ताद," तो अगदी हळू म्हणाला. "यहाँ किसी को पता नहीं है. यहाँ सोचते हैं, बारिश नहीं हुई इसलिए आया."

सर्जेरावांचा हात खाली आला. बघणारी माणसं पुन्हा खणू लागली. मुकादमानं लांबून सुखदेवचं नाव घेतलं आणि त्यानं फावडं उचललं.

"चार बजे की बस है," तो म्हणाला. "उसके बाद नहीं मिलेगी."

सर्जेराव काठावर चढले. एकदा मागं वळून पाहिलं तेव्हा पांढऱ्या माणसांतला सुखदेव कोणता, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी वैशाखात आंधी सुटली तशा गाड्या बंडीसाठी आल्या. सर्जेरावांनी कुणाला बंडी घातली नाही. का नाही म्हणून विचारलं, की ते लिंबाच्या खोडाकडे बोट करत. तिथं खिळ्याला एक काळं कडक कापड टांगलेलं होतं. कुणी आणखी विचारलं, तर सगळं सांगत. बहुतेक जण विचारत नसत. आणि गाडीत खोट सापडली नाही, तर ते एवढंच म्हणत, "मला दिसली न्हाई." त्यावर मालकांचं समाधान होत नसे. हळूहळू ते दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले.